गल्फला निघालाय? क्रिप्टो कुठं चालतंय, कुठं अंगाशी येतंय

गोकुळ शिरगाव, कागल एमआयडीसीतली बरीच पोरं फिटर-वेल्डर म्हणून गल्फला निघालीत, मोबाईलमध्ये थोडं बिटकॉइन नाहीतर युएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो नाणं) असतंच, मग विचारतात की तिथनं घरी पैसे यातूनच पाठवले तर चालतंय काय. भावा, देशादेशात लई फरक आहे.

दुबई मोकळी. 2022 ला त्यांनी व्हारा म्हणून वेगळी नियामक संस्थाच काढली, लायसनवाल्या एक्स्चेंजवर उघड खरेदी-विक्री करा. कुवेतचं बरोबर उलटं, जुलै 2023 पासून पेमेंट, गुंतवणूक, मायनिंग (कॉम्प्युटरवर नवी नाणी काढणं) सगळं बंद. कतारनं 2024 ला डिजिटल मालमत्तेचे नियम आणले म्हणून लोक खूश झाले, पण बिटकॉइनसारखी नाणी त्यात घेतलेलीच नाहीत. आणि नेपाळ घरचाच वाटतो ना, तिथं 2017 पासून बंदी आहे, अटकाही झाल्यात.

आता वॉलेट, म्हणजे कॉइन ठेवायचं मोबाईलमधलं ॲप, कुठल्याच देशात अडत नाही, हे खरं. अडतं ते नोटा आणि बँकेपाशी. कुवेतमध्ये युएसडीटी घ्यायचं म्हणजे टेलिग्रामवरच्या कुणालातरी आधी दिनार द्यायचे, आणि तो पळाला तर पोलिसांना काय सांगणार, मी बंदी असलेला व्यवहार करत होतो म्हणून? वर तुमचा व्हिसा नोकरी देणाऱ्या कंपनीच्या हातात. गुजरीत, आपल्या कोल्हापूरच्या सराफ बाजारात, सोनं मोडलं तरी पावती मिळते, इथं नुसता स्क्रीनशॉट. दुबईत निदान तक्रार तरी करता येते.

इकडची बाजू तर कुणी धरतच नाही. भारतात बंदी नाही, पण विकताना 1 टक्का टीडीएस, म्हणजे लाखाला 1,000 रुपये रिटर्न भरेपर्यंत अडकले, नफ्यावर 30 टक्के टॅक्स वर सेस, आणि एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. पीटूपीवर, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला, विकलं आणि समोरच्यानं पाठवलेला पैसा फ्रॉडचा निघाला तर सायबर पोलीस खातं फ्रीज करतात, पत्र कधीकधी दुसऱ्याच राज्यातनं येतं, तुम्ही कुवेतमध्ये आणि वडील शाहूपुरीच्या ब्रँचमध्ये हेलपाटे घालतायत.

त्याच्या तुलनेत एक्स्चेंज हाऊस, म्हणजे तिथली पैसे पाठवायची पेढी, रेट थोडा कमी देतं, फी घेतं, पण पैसे एनआरई खात्यात (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं इथलं बँक खातं) येतात आणि व्याजावर इथं टॅक्स नाही. घरखर्चाचे पैसे मी दुबईतनंसुद्धा असेच पाठवा म्हणेन.

आधीपासूनचे कॉइन असतील तर कुवेत-कतारवाल्यांनी जायच्या आधी इथंच विकावेत, मोठी रक्कम असेल आणि विकायचंच नसेल तर परत येईपर्यंत हात लावू नये. दुबईवाल्यांनी ठेवले तरी चालतील, फक्त इथल्या एक्स्चेंजला एनआरआय झाल्याचं कळवा, केवायसी जुनीच राहिली की पैसे काढताना अडकतंय.