हृदयरुग्णासाठी घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर: हिवाळा आणि सोलापूरचा उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

आमच्या अण्णांचे हृदय कमकुवत झालेले आहे, आणि आयुष्य गिरणीत व विड्या ओढण्यात गेल्यामुळे फुप्फुसेही धड राहिलेली नाहीत. दिवाळीनंतर रुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टरांनी मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन, दिवसाचे किमान पंधरा तास, आणि ऑक्सिमीटरचा (बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजन मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा 88 ते 92 टक्क्यांच्या दरम्यान, असे चिठ्ठीवर लिहून दिले. त्यासाठी मिनिटाला पाच लिटर क्षमतेचे कॉन्सन्ट्रेटर यंत्र घेतले.

सर्वांत मोठा फरक झोपेत पडला. रात्री दचकून उठून बसणे कमी झाले आणि सकाळचे डोके जड होणेही थांबले. पायांवरची सूज मात्र ऑक्सिजनने तसूभरही हलली नाही. ती उतरली लघवीच्या गोळ्यांनी आणि जेवणातले मीठ तोडल्यावर. जिना चढताना दम अजूनही लागतो, आणि त्या वेळी आकडा पुष्कळदा 90 च्या आसपासच असतो, म्हणजे प्रत्येक दमाचे कारण ऑक्सिजनची कमतरता हे नसते.

भेटायला येणाऱ्यांना हे पटवणे अवघड जाते. “दोनचं चार कर की, किती दम लागलाय त्याला,” असे आत्या दर भेटीत म्हणतात. परंतु अण्णांसारख्या फुप्फुसांच्या रुग्णाला ऑक्सिजन जास्त झाला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येऊ शकते, आणि गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजनमुळे हृदयाच्या धमन्याही आकुंचन पावतात. हृदयविकाराच्या झटक्यात सरसकट ऑक्सिजन लावण्याची जुनी पद्धत याच शंकेमुळे तपासली गेली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात, झटक्याचा संशय असलेल्या पण ऑक्सिजनची पातळी 90 किंवा अधिक असलेल्या 6,629 रुग्णांपैकी निम्म्यांना मिनिटाला सहा लिटर ऑक्सिजन दिला गेला. वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच, पाच टक्क्यांच्या आसपास, राहिले. त्याआधी, 2015 च्या ऑस्ट्रेलियातील एका लहान अभ्यासात तर ऑक्सिजन दिलेल्यांच्या हृदयाच्या स्नायूची हानी अधिक दिसली होती. अण्णांचा आजार झटक्याचा नाही, हे खरे. पण पातळी चांगली असताना वरून दिलेला ऑक्सिजन हृदयाला बळ देतो हा समज या अभ्यासांनी पुरता मोडला आहे. नळी नाकात असली तरी ते औषधच आहे आणि त्याची मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

यंत्राबद्दल सांगायचे तर ते हवेतला नायट्रोजन झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या कणांत अडकवून साधारण 90 ते 95 टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन देते. त्याची घरघर आठवड्याभरात सवयीची होते, उष्णतेची मात्र सवय होत नाही. एप्रिल-मे मध्ये बाहेर पारा 42 च्या पुढे असताना हे धूड खोलीत गरम हवा सोडत राहते, म्हणून आम्ही ते दाराबाहेर ठेवून लांब नळी आत घेतली. धुळीमुळे मागची जाळी आठवड्यातून दोनदा धुवावी लागते. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे. काही दिवसांआड येणारे, साठवलेले नळाचे पाणी घातले तर तळाशी पांढरा थर बसतो. विजेचा भार साडेतीनशे वॅटच्या आसपास आहे, म्हणजे रोज पाच-सहा युनिट धरून चालावे. वीज गेली की यंत्रही बंद, त्यामुळे भरलेला सिलिंडर घरात हवाच. ऑक्सिजनजवळ आग धोक्याची, म्हणून देवघरातली समई आणि उदबत्ती दुसऱ्या खोलीत गेली, आणि आईचा त्यावरचा रुसवा अद्याप पुरता गेलेला नाही.

विक्रेत्याची विक्रीनंतरची सेवा यथातथाच निघाली. झिओलाइट निकामी होऊ लागले तरी प्रवाह दाखवणाऱ्या काचेच्या नळीतली गोळी दोन लिटरच दाखवत राहते, म्हणून शुद्धता उपकरणाने मोजून घेणे आवश्यक असते. पण तपासणीला आलेल्या माणसाने ते उपकरणच आणले नव्हते आणि गोळीकडे बघून “सगळं ओके आहे” म्हणून तो निघाला होता. त्याला पुन्हा बोलावले, समोर मोजून घेतले, आणि आलेला 93 चा आकडा तारखेसह त्याच्याच सहीने पावतीवर लिहून घेतला.