मालक इंग्लंडात, गाडी हळदोण्यात: सेकंडहँड हिमालयनचा वापरानंतरचा अनुभव

गाडी रॉयल एनफिल्ड हिमालयन 411, 2018 चं मॉडेल, गोवा पासिंग, माझ्याआधी एकच मालक. सौदा चतुर्थीच्या दिवसांत ठरला आणि आरसीवर माझं नाव चढलं ते शिमग्याच्या तोंडावर. त्यानंतर अख्खा पावसाळा ही गाडी चालवली. लिहिणार आहे ते गाडीबद्दल थोडं आणि कागदांबद्दल जास्त. हिमालयनवर लिहिलेलं ढीगभर सापडतं. मालक परदेशात असला तर ट्रान्सफर कसं होतं हे विचारलं की मात्र प्रत्येक एजंट वेगळंच सांगतो.

मी मूळ सावंतवाडीचा. नोकरी वेर्ण्याला, भाड्याची खोली म्हापशात. रोजचं जाणं-येणं, शिवाय महिन्यातून दोनदा घरी, म्हणून स्कूटरपेक्षा दणकट काहीतरी हवं होतं. गोव्यात जुन्या गाड्यांना तोटा नाही. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या रेंटच्या गाड्या स्वस्तात निघतात, पण ती नोंदणी व्यावसायिक. ती खासगी करून घ्यायचा खटाटोप वेगळा, आणि दर आठवड्याला नवा पाहुणा तिचा क्लच जाळून गेलेला असतो. एक बुलेट फार आवडली होती, पण मालक वारलेला, वारस तिघे आणि त्यातला एक कुवेतला. म्हणजे फॉर्म 31, वारसाचे कागद आणि तिघांच्या संमत्या. तिला लांबूनच नमस्कार केला.

हळदोण्याच्या गाडीचा मालक हयात होता, फक्त इंग्लंडात स्विंडनला होता. गोव्यातल्या वाचकांना हे समजवायला नको. 19 डिसेंबर 1961 च्या आधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढीला पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिथलं नागरिकत्व घेता येतं, आणि तो पासपोर्ट घेऊन बार्देशातली, सासष्टीतली किती घरं इंग्लंडला गेली ते आपण बघतोच. घरं इथे बंद आणि अंगणात ताडपत्रीखाली गाड्या उभ्या. या गाडीच्या मालकाचा भाऊ मात्र इथे होता. बाजारात अशा गाडीचे सव्वा लाख तरी सांगत होते, त्याने पंचाण्णव हजार सांगितले. एवढी स्वस्त का, हे विचारायची गरजच नव्हती.

पहिल्याच भेटीत त्याने मालकी बदलायचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म टेबलावर ठेवले. विकणाऱ्याच्या सहीची जागा कोरी. "हांव मारतां न्हय सय. कोण पळयता?" (मीच मारतो की सही, कोण बघतंय?) असं म्हणून त्याने पेनही काढलं. मी हात आडवा घातला. खोटी सही हा फौजदारी गुन्हा आहे हे त्याला पटेना, सगळेच करतात म्हणाला. शेवटी पटलं ते वेगळ्याच मुद्द्यावर. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव तोच मालक, गाडी पुढे कितीही हातांत गेली असली तरी. मी त्याला म्हटलं, उद्या मी कुणाला उडवलं आणि ट्रान्सफर झालेलं नसलं, तर भरपाईचा दावा तुझ्या भावावरही येणार, फक्त माझ्यावर नाही. त्याच रात्री त्याने स्विंडनला फोन लावला.

आता खरी अडचण. ऑनलाइन अर्ज भरताना ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर जातो, आणि तो नंबर कधीच बंद पडलेला. सहीसाठी मालक येणार पुढच्या वर्षी, तेही नक्की नाही. म्हणून भावाच्या नावे मुखत्यारपत्र करायचं ठरलं. म्हापशातल्या वकिलाकडून मसुदा करून घेतला. "माझे सर्व व्यवहार पाहावेत" छापाचं मोघम मुखत्यारपत्र अशा कामाला पुरत नाही. गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर, कोणाला विकायची त्याचं नाव आणि कोणत्या फॉर्मवर सही करायचा अधिकार, हे सगळं त्यात नावानिशी घातलं. आणखी एक वाक्य मी आग्रहाने घालायला लावलं. आरसीवर मालकाचं नाव साधं तीन शब्दांचं आहे, पोर्तुगीज पासपोर्टवर त्यात आईकडचं आडनाव वाढलंय. दोन्ही नावांचा माणूस मीच, असं त्याने त्याच कागदावर लिहून दिलं. आरटीओच्या खिडकीवरच्या बाईंनी पहिलं बोट नेमकं त्याच फरकावर ठेवलं होतं.

कागद ईमेलने गेला, तिकडे छापला गेला, तिथल्या नोटरीसमोर सही झाली. लंडनच्या भारतीय उच्चायोगात जाऊनही साक्षांकन होतं, पण त्याला कामावरून सुटी मिळेना. भारत आणि ब्रिटन दोघेही अपोस्टिल करारात आहेत, त्यामुळे नोटरीच्या सहीवर तिथल्या परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल, म्हणजे ती सही खरी असल्याचं प्रमाणपत्र, लावून घेतलं की तेवढ्यावर भागतं. हे काम स्वस्त नाही. आपल्याकडे कोर्टाबाहेर छत्रीखाली बसलेला नोटरी जे घेतो त्याच्याशी तिकडच्या फीची तुलनाच नको. ती आम्ही निम्मी निम्मी केली. कुरिअर आल्यावर पुढची पायरी बहुतेकांना माहीत नसते: परदेशात सही झालेल्या अशा दस्ताला तो भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. तो शिक्का नसता तर पुढे कुणी हात लावला नसता. पाकिटावरची तारीख दाखवावी लागते, म्हणून कुरिअरचं पाकीट फेकू नका.

दुसरी गाठ कर्जाची. कर्ज केव्हाच फिटलेलं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. त्यात ती बँक 2020 च्या विलीनीकरणात दुसऱ्या बँकेत गेलेली. कर्ज फिटल्याचं पत्र जुन्या नावाचं, आणि आरसीवरचं बँकेचं नाव काढायच्या फॉर्म 35 वर शिक्का हवा नव्या बँकेचा. शाखेतला साहेब म्हणे आमच्याकडे हे खातंच दिसत नाही. भाऊ आणि मी मिळून बरेच हेलपाटे घातले. जुन्या पासबुकात शेवटच्या हप्त्याची नोंद सापडली तेव्हा कुठे खातं "दिसलं". एचपी, म्हणजे आरसीवरची ही कर्जाची नोंद, काढल्याशिवाय ट्रान्सफर होत नाही, त्यामुळे जुनी गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन सुरू करायच्या आधी आरसी उलटून बघा.

माझ्या बाजूने पत्त्याचा पुरावा लागला. आधार सावंतवाडीचं, म्हणून खोलीचा नोंदणी केलेला भाडेकरार जोडला. चेसिस नंबरचा ठसा घ्यायला गेलो तर हँडलखालचा नंबर गंजाने भरलेला. रॉकेलच्या फडक्याने चोळून, वर सेलोटेप लावून, पेन्सिलने घासत तो उमटवला.

पैशांचं मी सुरुवातीलाच ठरवलं होतं. दहा हजार विसार, बाकी रक्कम आरसीवर नाव आल्यावर, तोवर गाडी त्यांच्याच अंगणात. स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं. भाऊ कुरकुरला, पण या एका अटीमुळेच तो प्रत्येक वेळी माझ्याबरोबर बँकेत आला असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे हातात पडले असते तर फोनही उचलला नसता.

विम्याचं थोडक्यात. चालू पॉलिसी असेल तर थर्ड पार्टी नव्या मालकाकडे आपोआप जाते, गाडीच्या नुकसानीचा भाग जात नाही, म्हणून 14 दिवसांत कंपनीला कळवायचं. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो तुम्हाला मिळणार नाही, कुणी सांगितलं तरी. इथे पॉलिसी संपलेलीच होती, त्यामुळे तपासणी होऊन नवीन काढली.

आता गाडी. ताडपत्रीखाली राहिलेल्या गाडीचं जे होतं ते सगळं झालेलं होतं. बॅटरी मेलेली, टाकीतलं पेट्रोल आंबलेलं, सीटखाली उंदरांनी घर केलेलं. टायरला नक्षी भरपूर होती, पण बाजूवरचे चार आकडे वाचले तर टायर गाडीबरोबरचेच निघाले (पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे). दोन्ही बदलले. कोनसेट (हँडलचे बेअरिंग), चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, मागच्या चाकाचे गंजलेले स्पोक, हे सगळं धरून बावीस हजारांच्या आसपास गेले. म्हणजे स्वस्त गाडी स्वस्त राहिली नाही, पण बाजारभावाच्या पुढेही गेली नाही.

चालवायला मला आवडते. पुढचं चाक 21 इंची असल्याने जूनपासून रस्त्यांची जी चाळण होते तिच्यात ही बिनधास्त जाते. सत्तर-ऐंशीला निवांत, त्यापुढे पळवायची ही गाडी नव्हे. सरासरी तीसच्या आत-बाहेर, टाकी 15 लिटरची, त्यामुळे वेर्ण्याच्या फेऱ्या धरून आठवडा सहज जातो. वजन दोनशे किलोच्या घरात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ती वळवताना घाम निघतो. एबीएस सक्तीचं व्हायच्या आधीचं मॉडेल आहे. पहिल्या पावसात चिऱ्याची लाल माती डांबरावर पसरते तेव्हा मागचा ब्रेक अलगद दाबावा लागतो, ते अंगवळणी पडलं. टायर ट्यूबचे, पंक्चर काढायला वेळ लागतो. मीठ आणि दमट हवेमुळे स्पोक आणि सायलेन्सरचे बोल्ट महिन्याला तेलाच्या फडक्याने पुसतो, नाहीतर पुन्हा गंज.

पत्रादेवी ओलांडून बांद्याला गेलं की जीए पाटी बघून पोलीस हमखास हात करतात. डिजिलॉकरमधली आरसी, पॉलिसी, पीयूसी दाखवतो, दोन मिनिटांत सुटका. मामा म्हणतो, गाडी सावंतवाडीलाच ठेव. त्याला सांगितलं, दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर मोटार वाहन कायद्याने तिथला नंबर घ्यावा लागतो, म्हणजे पुन्हा फॉर्म 28 ची एनओसी (ना-हरकत दाखला), नव्या नंबरासाठी फॉर्म 27, तिथला रोड टॅक्स. मामाने विषय बदलला.

सध्या पुढच्या फोर्कचं ऑइल सील पाझरतंय, ते दिवाळीआधी करून घेणार आहे. मुखत्यारपत्राचा मसुदा कुणाला हवा असेल तर देतो, फक्त नावं आणि नंबर काढून.