मॉक सर्व्हिस वर्कर: वर्षभराच्या वापरानंतर, आणि त्या एका डिफॉल्टबद्दल

गेल्या महिन्यात आमच्या सामायिक टेस्ट डेटाबेसमध्ये दूध संकलनाच्या काही विचित्र नोंदी सापडल्या. सभासद क्रमांक शून्य, फॅट ९९. त्या माझ्या फोनवरून गेल्या होत्या, आणि तेही मॉक सर्व्हिस वर्कर, म्हणजे एमएसडब्ल्यू (ॲपला खऱ्या सर्व्हरऐवजी खोटी, म्हणजे मॉक, उत्तरे देणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी), चालू असताना. वर्षभराहून जास्त वापरल्यावर आज लिहायला बसलो ते त्यामुळेच. लायब्ररी मला मनापासून आवडते. पण तिच्या एका डिफॉल्टवर, म्हणजे आपण काही न सांगता लागू असलेल्या सेटिंगवर, माझा राग आहे आणि तो या लिखाणात दिसणारच.

आधी आम्ही ॲक्सिऑस मॉक ॲडॅप्टर वापरायचो. ॲक्सिऑस म्हणजे सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवणारी लायब्ररी. त्यात रिक्वेस्ट ॲक्सिऑसच्या आतच संपते. ब्राउझरचा नेटवर्क टॅब कोरा राहतो, नेमके कोणते हेडर (रिक्वेस्टसोबतची माहिती) गेले ते तिथे पाहता येत नाही. पुढे आम्ही काही पाने फेचवर (रिक्वेस्ट पाठवण्याच्या ब्राउझरच्या स्वतःच्या सोयीवर) नेली, तर त्या पानांसाठी लिहिलेले सगळे मॉक वाया गेले. एमएसडब्ल्यूमध्ये रिक्वेस्ट ॲपमधून खरोखर निघते. सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये पानामागे चालणारी स्क्रिप्ट) ती वाटेत धरतो, पानातल्या हँडलरला (कोणत्या पत्त्याला काय उत्तर द्यायचे ते सांगणाऱ्या आपल्या फंक्शनला) विचारतो आणि उत्तर परत देतो. रिक्वेस्टला लॉगिनचे टोकन लावणारा आमचा इंटरसेप्टर, ४०१ (लॉगिन अमान्य) आल्यावर टोकन ताजे करणारा कोड, सगळे जसेच्या तसे चालते. फक्त वर्कर सुरू होईपर्यंत ॲपचे रेंडर थांबवायचे, नाहीतर पहिल्या रिक्वेस्ट निसटतात.

खरा आनंद मिळाला तो खराब नेटवर्कच्या बाबतीत. आमचे ॲप संकलन केंद्रावरचा माणूस फोनवर वापरतो. रेंज जेमतेम, मागे रांग उभी. तो सेव्ह दाबतो, काही होत नाही, पुन्हा दाबतो. पहिली नोंद सर्व्हरवर पोचलेली असते, फक्त उत्तर परत आलेले नसते. दुसरीही पोचते आणि एका शेतकऱ्याच्या नावावर दुप्पट दूध चढते. ब्राउझरच्या डेव्हटूल्समधला मंद नेटवर्कचा पर्याय सगळेच मंद करायचा, त्यात हा प्रकार पकडता येत नव्हता. एमएसडब्ल्यूमध्ये त्याच एका पत्त्यासाठी हँडलर लिहिला: नोंद स्मृतीत ठेव, पण उत्तराऐवजी नेटवर्क एरर दे, आणि 'वन्स' लावून हे एकदाच कर. दुसऱ्या वेळी नेहमीचा हँडलर उत्तर देतो. नोंद दोनदा होताना टेबलावर बसल्या बसल्या दिसली. आता प्रत्येक नोंदीसोबत फोनवरच तयार केलेली युनिक की जाते, म्हणजे तीच नोंद पुन्हा आली तर ओळखता येते. हेच हँडलर नोडमधल्या, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या यंत्रणेतल्या, टेस्टमध्येही चालतात. तिथे सर्व्हिस वर्कर नसतो, एमएसडब्ल्यूचे सेटअपसर्व्हर हे फंक्शन असते, पण हँडलरची फाइल तीच. हे सगळे फुकट, एमआयटी लायसन्सचे. मॉक सर्व्हर भाड्याने घेण्याचा विचार होता, तो तिथेच सोडला.

आवृत्ती २ बद्दल माझे मत मध्येच बदलले. ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. जुन्या प्रकल्पात ती चढवताना मी वैतागलो होतो: हँडलर लिहायच्या 'रेस्ट'चे 'एचटीटीपी' झाले, उत्तर तयार करणारे 'रेस' आणि 'सीटीएक्स' गेले, नोड १८ च्या खाली चालेना, आणि जेस्टमध्ये (टेस्ट चालवण्याचे साधन) जेएसडॉमसोबत (नोडमधला नकली ब्राउझर) फेचशी संबंधित ग्लोबल्स सापडेनात. शेवटी आम्ही व्हीटेस्ट या दुसऱ्या टेस्ट साधनाकडे गेलो. त्या आठवड्यात मला कोणी विचारले असते तर नको म्हणालो असतो. आज नाही म्हणणार. आता हँडलरला ब्राउझरचा मूळ रिक्वेस्ट ऑब्जेक्ट मिळतो आणि परत द्यायचा तो रिस्पॉन्सही मूळचाच. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीला एमएसडब्ल्यूची वेगळी भाषा शिकवावी लागली नाही, तिला फेच येत होते तेवढे पुरले.

आता त्या नोंदींबद्दल. बॅकएंडच्या सहकाऱ्याने एका पत्त्यातला शब्द बदलला, ॲपमध्ये तो बदल आला, हँडलरमध्ये जुनाच राहिला. जुळणारा हँडलर नसला की एमएसडब्ल्यू काय करते? कन्सोलमध्ये इशारा छापते आणि रिक्वेस्ट खऱ्या सर्व्हरकडे जाऊ देते. हे डिफॉल्ट आहे. लॅपटॉपवर ती पिवळी ओळ दिसते तरी. फोनवर कन्सोल कोण बघतो? स्क्रीनवर 'नोंद झाली' आले, आणि ती खरंच झाली होती.

मला हे पटत नाही. साध्या गेटसाठी (माहिती फक्त वाचणाऱ्या रिक्वेस्टसाठी), चित्रांसाठी इशारा ठीक आहे. पण पोस्ट, पुट, डिलीट हे बदल करणारे प्रकार आहेत, ते न विचारता पुढे जाणे मॉकिंगच्या साधनात असूच नये. आमचा टेस्ट सर्व्हर होता म्हणून निभावले. जिथे डेव्हलपमेंटचा बिल्ड थेट चालू यंत्रणेकडे बोट दाखवतो तिथे कोणाच्या तरी खात्यात लिटर वाढले असते.

उपाय आहेत. स्टार्ट करताना 'ऑनअनहँडल्डरिक्वेस्ट'ला 'एरर' द्या, रिक्वेस्ट तिथेच अडते. किंवा फंक्शन द्या आणि पत्त्यात 'एपीआय' हा शब्द (आमच्या सर्व्हरच्या डेटाच्या पत्त्यांत तो असतो) असेल तरच एरर करा. मी त्याहून पुढे गेलो. हँडलर वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळणारा उत्तर देतो, म्हणून यादीच्या अगदी शेवटी एपीआयखालच्या सगळ्या पत्त्यांसाठी 'एचटीटीपी.ऑल' ठेवला, जो ५०१ ('ही सोय नाही' असा एरर कोड) परत करतो आणि संदेशात तो पत्ता लिहितो. आमची एरर पट्टी तो संदेश दाखवते. आता पत्ता चुकला की फोनच्या स्क्रीनवरच लाल अक्षरांत कळते, कन्सोलची गरज नाही. नवीन प्रकल्पात मी सगळ्यात आधी हाच हँडलर लिहितो, बाकीचे नंतर.

फोनवर तपासणाऱ्यांसाठी: सर्व्हिस वर्करला एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्ट लागते, वायफायवरचा १९२.१६८ चा पत्ता त्यात बसत नाही. लॅपटॉपला बाहेरून एचटीटीपीएस पत्ता देणाऱ्या टनेलसाठी पैसे भरू नका. अँड्रॉइडवर यूएसबी डीबगिंग चालू करून 'एडीबी रिव्हर्स' या कमांडने तुमच्या डेव्ह सर्व्हरचा पोर्ट (आमचा ५१७३) जोडा, मग फोनमधला लोकलहोस्ट म्हणजे तुमचा लॅपटॉप. केबल काढली की कमांड पुन्हा द्यावी लागते.

आणखी एक. पब्लिक फोल्डरमधली वर्करची फाइल प्रत्येक अपडेटनंतर नवी हवी असते. पॅकेज.जेसनमध्ये फोल्डर नोंदवलेले असेल तर ती इन्स्टॉलच्या वेळी आपोआप येते, पण पीएनपीएम (पॅकेज इन्स्टॉल करणारे साधन) आवृत्ती १० पासून पॅकेजच्या अशा स्क्रिप्ट डिफॉल्टने चालत नाहीत. कन्सोलमध्ये आवृत्ती जुळत नसल्याचा इशारा दिसला तर एमएसडब्ल्यूला स्क्रिप्टची परवानगी द्या किंवा 'एमएसडब्ल्यू इनिट' हाताने चालवा.