कोंबडीच्या राखेत सापडलेला दात

माझी कोंबडी पिंगी हिचे शेवटचे वजन १.६ किलो होते. हे इतके नेमके ठाऊक असण्याचे कारण असे, की तिच्या आजारपणात पशुवैद्यांच्या सांगण्यावरून मी तिला रोज सकाळी काट्यावर ठेवून वजन वहीत टिपून ठेवत होते. पुढे जी फसवणूक उघडकीस आली तिची सुरुवात त्या वहीतूनच झाली. ती नसती तर हाती आलेली राख मी निमूटपणे कपाटात ठेवून दिली असती.

अंडे अडकल्यामुळे ती तीन दिवस तळमळत होती. अंडे बाहेर काढण्याचे प्रयत्न फसले आणि अखेर पशुवैद्यांनी इंजेक्शन देऊन तिची सुटका केली. निघताना त्यांनी बजावले, की या औषधाचा अंश मृत शरीरात टिकून राहतो, त्यामुळे तिला अंगणात उथळ खड्ड्यात पुरू नका. एखाद्या कुत्र्याने किंवा शिकारी पक्ष्याने ती उकरून खाल्ली तर त्याच्याही जिवावर बेतेल. म्हणून दहनाचा विचार केला आणि त्याच संध्याकाळी पाळीव प्राण्यांच्या दहनाची व्यवस्था करणाऱ्या एका व्यक्तीशी बोलणे झाले. तो दोन दिवसांनी येणार होता. पक्ष्याच्या शरीराचे तापमान मुळात ४१ अंशांच्या आसपास असते आणि पिसांमुळे ते मृत्यूनंतरही लवकर उतरत नाही, म्हणून तिला उघड्यावर पूर्ण निवू देऊन मग कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवले. (शवविच्छेदन करून घ्यायचे असेल तर गोठवू नये, कारण गोठल्याने पेशी फुटतात आणि तपासणीत अडचण येते.)

तो आला तेव्हा त्याने एकही प्रश्न विचारला नाही आणि मला ते सौजन्य वाटले. आता कळते, की प्रामाणिक माणसाने आधी विचारले असते, ती कशाने मेली आणि घरातल्या बाकीच्या कोंबड्या ठीक आहेत का. बर्ड फ्लूसारख्या रोगाची शक्यता असेल तर पक्ष्याला हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवावे लागते. शिवाय अनेक देशांत कोंबडी कितीही लाडाने पाळलेली असली तरी कायद्याच्या दृष्टीने ती पशुधनातच मोडते, त्यामुळे पाळीव प्राण्यांच्या प्रत्येक दहनगृहाला ती स्वीकारण्याची परवानगी असतेच असे नाही. या माणसाकडे परवानगी तर नव्हतीच, पण स्वतःची भट्टीही नव्हती. तो निव्वळ मध्यस्थ होता आणि ही गोष्ट त्याने शेवटपर्यंत सांगितली नाही.

मी मात्र प्रश्न विचारला होता. तिचे दहन एकटीचेच होईल ना, असे विचारल्यावर उत्तर आले, ‘हो, अगदी स्वतंत्र.’ या शब्दाने मी निर्धास्त झाले आणि तिथेच चुकले. दहनाचे ढोबळ मानाने तीन प्रकार असतात. पहिल्यात भट्टीत एका वेळी एकच प्राणी असतो. दुसऱ्यात अनेक प्राणी एकाच भट्टीत अंतर राखून किंवा मध्ये विटांचा आडोसा करून ठेवतात. त्यांची राख वेगवेगळी गोळा केली तरी थोडीफार मिसळतेच. तिसऱ्यात सगळे एकत्र जळतात आणि राख कुणालाच परत मिळत नाही. ‘स्वतंत्र’, ‘खासगी’, ‘वैयक्तिक’ हे शब्द पहिल्या आणि दुसऱ्या प्रकाराला सारख्याच सहजतेने लावले जातात. त्यामुळे ‘त्या वेळी भट्टीत दुसरा एकही प्राणी नसेल’ हे वाक्य असेच्या असे लिहून घ्यायला हवे होते. मी पहिल्या प्रकाराचे पैसे मोजले, तेही कुत्र्यासाठी लागतात तितके, कारण भट्टी तापवायला इंधन सारखेच लागते, असे तो म्हणाला.

आठ दिवसांनी राखेची डबी आणि एक देखणे प्रमाणपत्र आले. प्रमाणपत्रात वजनाचा रकाना होता आणि त्यात २.५ किलो लिहिले होते. तेवढ्यावरून मी वजनकाटा काढला. राख भरली २१२ ग्रॅम. भट्टीत मांस, पिसे, चरबी, पाणी सगळे जाते आणि मुख्यतः हाडांतले कॅल्शियम फॉस्फेट उरते. हे उरलेले द्रव्य शरीराच्या वजनाच्या साधारण ३ ते ४ टक्के असते. पिंगीच्या हिशेबाने ते ५०-६० ग्रॅम व्हायला हवे होते. माझ्या हातात त्याच्या जवळजवळ चौपट होते.

डबीत तिच्या पायातली ॲल्युमिनियमची रिंगही होती, स्वच्छ, एक ओरखडासुद्धा नसलेली. ओळख पटावी म्हणून मी ती मुद्दाम पायातच राहू दिली होती आणि ‘राखेतून वेचून काढली’ असे त्याने मला आवर्जून सांगितले होते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. अशा भट्ट्यांचे तापमान साधारणपणे ८०० अंशांच्या वर असते.

दाताविषयी शेवटी सांगते, कारण तो मला शेवटी दिसला. राख दळू नका, अशी मी विनंती केली होती. एवढ्याशा पक्ष्याची हाडे दळली की नुसती धूळ उरते, म्हणून. ती एक विनंती त्याने पाळली, आणि म्हणूनच हाडांच्या तुकड्यांत बोटाला एक निमुळते, किंचित वाकडे मूळ लागले. पशुवैद्यांनी ते हातात घेतले आणि क्षणभर बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘हा मांजराचा सुळा आहे.’ कोंबडीला दात कुठून येणार?

त्या मध्यस्थाला फोन केल्यावर त्याने दिलेली स्पष्टीकरणे जशीच्या तशी नोंदवते, कारण दुसऱ्या कुणालाही तीच ऐकवली जातील. पहिले असे, की पोटात अंडे होते म्हणून राख वाढली. अंडे अडकल्याचे मीच त्याला नंतर बोलता बोलता सांगितले होते. पण ६० ग्रॅमच्या अंड्याचे कवच सुमारे ६ ग्रॅम असते आणि तेही बहुतांश कॅल्शियम कार्बोनेट. पूर्ण भाजले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि जेमतेम साडेतीन ग्रॅम चुना उरतो. दुसरे स्पष्टीकरण असे, की आधीच्या दहनातला एखादा कण भट्टीच्या फरशीत राहतो. हे मात्र खोटे नाही. कितीही झाडले तरी विटांच्या फटींत काही ना काही उरते, आणि केवळ त्या दातावरून मी त्याच्यावर आरोप केला नसता. दीडशे ग्रॅम मात्र फटीत उरत नाहीत. रिंगेविषयी विचारल्यावर तो चिडला आणि फोन बंद झाला. दोन दिवसांनी निरोप आला, की ‘माझी काही तक्रार नाही’ असे लिहून दिल्यास निम्मी रक्कम परत करू. मी लिहून दिले नाही, त्यामुळे पैसेही आले नाहीत. पिंगीचे नेमके काय झाले, ते अजून कळलेले नाही.

ससा, गिनीपिग, लव्हबर्ड, उंदीर पाळणाऱ्यांना हे जास्त जपावे लागेल, कारण प्राणी जितका लहान तितकी लबाडी सोपी. ३५ ग्रॅमच्या बजरीगरची (पिंजऱ्यात पाळतात त्या छोट्या पोपटाची) राख ग्रॅम-दीड ग्रॅम, म्हणजे चिमूटभर निघते, आणि बर्नरच्या झोताने तीही धुराड्यात उडून जाऊ शकते. जाणकार चालक इतके लहान शरीर उंच काठाच्या किंवा झाकणाच्या पोलादी ट्रेमध्ये ठेवतो, झोत कमी ठेवतो, आणि ‘कदाचित हाती काहीच लागणार नाही’ हे आधीच सांगतो. जो बजरीगरची भरलेली डबी देण्याचे वचन देतो, त्याच्यापासून लांब राहावे.

पुढच्या वर्षी खुराड्यातली दुसरी कोंबडी वयोमानाने गेली. या वेळी मी मध्यस्थ टाळला, भट्टी कुणाच्या मालकीची आणि परवाना कोणत्या प्राण्यांसाठी आहे ते आधी पाहिले, तिचे वजन चालकासमोर करून पावतीवर लिहून घेतले आणि पायातली रिंग स्वतः काढून खिशात ठेवली. भट्टीचे दार बंद होईपर्यंत उभे राहण्याची परवानगी मागितली, तेव्हा चालकाने आत दुसरे काही नाही हे दाखवण्यासाठी विजेरी लावून फरशी दाखवली. मग भट्टी निवेपर्यंत मी बाहेर बाकावर बसून राहिले. वजन १.४ किलो होते; राख निघाली ४६ ग्रॅम.