‘१६व्या शतकातलं’ बेनिनचं शीर

नायजेरियात लागोसला नोकरीसाठी आलेल्या आपल्या मंडळींच्या दारात कुणी ‘राजवाड्यातलं जुनं ब्राँझ’ घेऊन आलं, तर पैसे काढण्याआधी हे वाचा.

माझ्याकडे आलेला माणूस टापटीप, बोलायला गोड. कापडात गुंडाळलेलं ओबाचं, म्हणजे बेनिनच्या (नायजेरियातल्याच जुन्या राज्याच्या, शेजारच्या देशाच्या नव्हे) राजाचं शीर. १६व्या शतकातलं म्हणाला. १८९७ मध्ये इंग्रजांनी राजवाडा लुटला तेव्हा आजोबांनी ते पुरून ठेवलं म्हणे. खाचांत लाल माती, वर हिरवट गंज, सोबत म्युझियमच्या शिक्क्याचा कागद. उचलताना हात भरून येईल एवढं वजन, आणि तोच म्हणे अस्सलपणाचा पुरावा. डॉलर मोजून घेतले आणि जाताना बजावलं, ‘कुणाला दाखवू नका, सरकार जप्त करेल.’

सगळी मेख इथेच. माल खरा असेल तर परवान्याशिवाय देशाबाहेर नेणं गुन्हा. म्हणून घेणारा तो लपवून ठेवतो आणि खोटा माल कधी उघडा पडत नाही.

मी मात्र सुट्टीवर येताना ते परवान्यासाठी म्युझियममध्ये नेलं. (नवी वस्तू नेतानाही ती पुरातन नसल्याचा दाखला काढावा लागतो.) तिथल्या बाईंनी मुकुटाच्या दोन्ही बाजूंनी वर आलेल्या पंखांवर बोट ठेवलं. हे पंख आले ओबा ओसेम्वेंडेच्या काळात, १९व्या शतकात! सुरुवातीच्या शिरांचं ओतकाम पातळ, वजनाला हलकं. जाड, जड शिरं नंतरची. शिक्का तर सरळसरळ बनावट.

पुढे कामानिमित्त बेनिन सिटीला गेलो, तेव्हा ओतकाम करणाऱ्यांच्या इगुन स्ट्रीटवर चक्कर मारली. मातीच्या गाभ्यावर मेणात मूर्ती घडवायची, तिला मातीने लिंपायचं, तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत वितळलेलं पितळ ओतायचं. मूर्ती बाहेर काढायला साचा फोडावाच लागतो, त्यामुळे हाताने घडवलेल्या दोन मूर्ती हुबेहूब सारख्या निघत नाहीत. आणि तिथल्या एका फळीवर माझ्या शिराचा जुळा भाऊ बसलेला, कानाच्या पाळीवरच्या टवक्यासकट! मेणाच्या प्रतीच साच्यातून काढलेल्या. किंमत मी दिली त्याच्या एका कोपऱ्याएवढी. दुकानदार ते नवं म्हणूनच विकत होता. आम्ल लावून, माती चोळून त्याला ‘म्हातारं’ करतात ते मधले दलाल. इतक्या देखण्या कामाची ही विटंबना मला पैशांपेक्षा जास्त लागली.

दलालाचा फोन तेव्हापासून बंद आहे. कुणाला घ्यायचंच असेल तर इगुन स्ट्रीटवर नवं म्हणून घ्या आणि पावतीवर घडवणाऱ्याचं नाव लिहून घ्या. म्युझियमचा दाखला काढताना तीच पावती उपयोगी पडते.