मदरबोर्ड बदलताना ओरिजिनल विंडोज गेलं, तुम्ही तरी सावध रहा

आधीच सांगतो, चूक माझीपण आहे. घाई केली आणि पक्कं बिल घेतलं नाही. पण ज्या पद्धतीनं गंडवलं ते कळायला मला सहा महिने लागले म्हणून लिहितोय.

सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. मशीन 2017 ला घेतलेला ब्रँडेड डेस्कटॉप, सहाव्या जनरेशनचा आय थ्री, विंडोज 10 होम कंपनीतूनच टाकून आलेलं. सात वर्षं त्यानं एकदाही की, म्हणजे लायसन्सचा कोड, मागितला नाही किंवा ॲक्टिव्हेट करा म्हणाला नाही, त्यामुळं लायसन्स म्हणजे काय हा विचारच कधी डोक्यात आला नव्हता.

3 जुलै 2024 ला मशीन बंद पडलं. तारीख पाठ आहे कारण 28 जूनला लाडकी बहीण योजना जाहीर झालेली, 1 जुलैपासून अर्ज सुरू आणि तेव्हा शेवटची तारीख 15 जुलै होती. पुढं ती 31 ऑगस्ट केली, पण त्या दिवशी कुणाला माहीत? दुकानासमोर बायकांची रांग, हमीपत्राच्या प्रिंट, आधार पासबुकचे स्कॅन, आणि रात्री लाईट दोनदा गेली आली तर सकाळी मशीन मेलेलं. बटण दाबलं की पंखा अर्धा गरका घेऊन थांबायचा, बस्स.

ओळखीतल्या एकानं एक रिपेअरवाला सुचवला. पोरगा बोलायला गोड, दुकानात येऊन मशीन उघडलं, दोन मिनिटं रॅम काढघाल केली आणि म्हणाला, "काका, बोर्ड गेलाय की ओ. ह्या कंपनीचा बोर्ड मिळत नाही आता, मिळाला तरी महिना जाईल. दुसरा टाकू, पण ह्यांच्या एसएमपीएसची पिन वेगळी असते, तोपण बदलावा लागंल." पिनचं त्यानं खरं सांगितलं होतं, बऱ्याच ब्रँडेड डेस्कटॉपना साधा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बसत नाही. फसवणारा माणूस सगळंच खोटं बोलत नाही हे नंतर कळलं. मी म्हटलं बाबा काहीही कर पण परवापर्यंत चालू करून दे.

5 जुलैला मशीन आलं. बोर्ड 5,500, एसएमपीएस 1,200, मजुरी 500 आणि "विंडोज ओरिजिनल लायसन्स" 2,800, झाले दहा हजार. मी विचारलं, विंडोज तर होतं की आधीच? तर म्हणाला, "काका ते जुन्या बोर्डाला होतं, बोर्ड गेला की ते गेलं. मी तुम्हाला होम नाही, प्रो टाकून दिलंय, लाइफटाइम." सी ड्राइव्ह फॉरमॅट मारलेला, माझे फॉन्ट, कोरलच्या सेटिंग, सगळं साफ. डी ड्राइव्हवरचे लग्नपत्रिकांचे नमुने वाचले तेवढं नशीब. नंतर कळलं की विंडोज 10 असेल तर बोर्ड बदलल्यावर बहुतेक वेळा फॉरमॅट न मारतासुद्धा मशीन चालू होतं, फार तर ड्रायव्हर टाकावे लागतात. पावती म्हणजे वहीचं पान, त्यावर चार आकडे आणि सही. पैसे फोन पे केले तेपण त्याच्या स्वतःच्या नावावर. रांग उभी होती, मी मशीन लावलं आणि कामाला लागलो.

डिसेंबरच्या शेवटी स्क्रीनवर मेसेज यायला लागला की तुमचं विंडोजचं लायसन्स लवकरच संपणार आहे. लाइफटाइम कसं काय संपतं? माझा भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीला आलेला, त्याला बसवलं. त्यानं विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून उघडलेल्या चौकटीत एसएलएमजीआर, एक स्पेस, मग स्लॅश आणि एक्सपीआर असं इंग्रजीत टाईप केलं. छोटी खिडकी उघडली, त्यात लिहिलेलं व्हॉल्यूम ॲक्टिव्हेशन विल एक्स्पायर आणि पुढं तारीख, 1 जानेवारी 2025. भाच्यानं मोबाइलवर हिशेब केला, 5 जुलैपासून बरोबर 180 दिवस.

हे 180 काय प्रकरण आहे ते त्यानं सांगितलं. मोठ्या कंपन्या, कॉलेजं यांच्याकडं शेकडो मशीन असतात, त्यांच्यासाठी केएमएस नावाची सोय आहे, ऑफिसातलाच एक सर्व्हर सगळ्या मशीनना ॲक्टिव्हेट करतो आणि ते दर वेळी 180 दिवसच टिकतं, मशीननं मधेमधे त्या सर्व्हरला विचारून मुदत वाढवून घ्यायची असते. रिपेअरवाले काय करतात, एक क्रॅकचं टूल चालवतात, ते तुमच्या मशीनला भासवतं की मीच तो सर्व्हर. ह्या पठ्ठ्यानं टूल एकदाच चालवून सोडून दिलेलं. मग भाच्यानं एक्सपीआरच्या जागी डीएलआय टाकून बघितलं तर व्हॉल्यूम केएमएस क्लायंट असं आलं आणि खाली कीची शेवटची पाच अक्षरं, टी83जीएक्स. ती की मायक्रोसॉफ्टनं स्वतःच्याच साइटवर छापून ठेवलीय, सगळ्या जगाला एकच, ती नुसती एडिशन, म्हणजे होम का प्रो, ठरवते, लायसन्स देत नाही. त्या छापील अक्षरांचे मी 2,800 मोजले.

पण ह्याहून जास्त धस्स झालं ते दुसऱ्याच गोष्टीनं. असलं टूल चालायचं तर अँटिव्हायरस आडवा येतो म्हणून डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, बंद केलेला, वर अख्खा सी ड्राइव्ह एक्स्क्लुजनमध्ये, म्हणजे तपासायचंच नाही अशा यादीत, टाकलेला. म्हणजे सहा महिने माझ्या मशीनवर गावातल्या कितीतरी बायकांचे आधार, पासबुक, उत्पन्नाचे दाखले पडून होते आणि दाराला कडीच नव्हती. त्या रात्री बसून सगळे पासवर्ड बदलले आणि जुने स्कॅन उडवले.

लायसन्स बोर्डाला असतं हे त्याचं बोलणंपण खरंच होतं, आणि गोम तिथंच आहे. विंडोज 8 पासून ब्रँडेड मशीनची की बोर्डाच्या बायोसमध्येच, म्हणजे बोर्डावरच्या चिपमध्येच, भरलेली असते, म्हणून स्टिकरवर की छापत नाहीत. असलं लायसन्स त्या बोर्डाबरोबर जगतं आणि मरतं, फक्त कंपनीनं वॉरंटीत बोर्ड बदलून दिला तर चालू राहतं. रिटेल म्हणजे वेगळं विकत घेतलेलं असेल तर मात्र नव्या बोर्डावर नेता येतं, त्यासाठी की जपून ठेवलेली पाहिजे, नाहीतर बोर्ड जायच्या आधी ते आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं पाहिजे, मग ॲक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूटमध्ये नुकतंच हार्डवेअर बदललंय असा पर्याय येतो. आणि खरं रिटेल ह्याच्या कितीतरी पट महाग असतं, त्यामुळं कुणी दोन अडीच हजारात लाइफटाइम प्रो म्हणाला की समजायचं काय ते.

लॅपटॉपवाल्यांनी अजून एक बघा, बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर बोर्ड बदलल्यावर तो 48 अंकी रिकव्हरी की मागतो. ती आधी लिहून ठेवली नसेल आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटलाही सेव्ह झालेली नसेल तर डेटावर पाणी सोडा.

मी त्याच्या दुकानात गेलो. म्हटलं माझा जुना बोर्ड दे. "तो भंगारात गेला की काका." एसएमपीएस? तोपण. विंडोजचं काय? "अहो सगळ्यांकडं असंच असतंय, आणा मशीन, परत मारून देतो, फुकट." म्हणजे परत तेच टूल. 1915 ला, ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करतो म्हटल्यावर आवाज खाली आला, पण त्यालाही माहीत होतं की माझ्याकडं वहीच्या पानाशिवाय काही नाही. बिलावर बोर्डाचा सीरियल नंबर नाही, लायसन्स कुठल्या प्रकारचं ते नाही, जीएसटी नंबर नाही. शेवटी तासभर वाद घालून 2,000 परत दिले, तेपण उपकार केल्यासारखे. माझा बोर्ड खरंच मेला होता का नुसता एसएमपीएस उडाला होता, हे आता कधीच कळणार नाही. पंखा अर्धा गरका घेऊन थांबणं हे एसएमपीएसचं पण लक्षण असतं म्हणे.

घरी येऊन मशीनची बाजू उघडली. कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बिननावाचा एच110 बोर्ड, सहा स्क्रूंच्या जागी तीन, एक भोक जुळेना म्हणून पत्रा वाकवलेला. आणि बाहेर कॅबिनेटवर मायक्रोसॉफ्टचं ते चकचकीत स्टिकर तसंच, ओरिजिनल असल्याचं.

जानेवारीत भाच्यानं पुण्यात शोधून त्याच मॉडेलचा वापरलेला बोर्ड एसएमपीएससकट 3,400 ला आणला, ह्या वेळी सीरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेलं विंडोज पेनड्राइव्हवरून टाकलं, त्यानं न विचारता होमच निवडलं, की मागितलीच नाही, आणि नेट लावल्यावर दोन मिनिटांत ॲक्टिव्हेटेड. परत एक्सपीआर टाकून बघितलं, पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड. मी खूश, आणि भाचा बोर्डाच्या कडेचं जुनं स्टिकर नखानं खरवडत म्हणाला, "मामा, हा बोर्डपण कुणाच्यातरी मशीनमधनं भंगार म्हणूनच काढला असणार बघ."