कॉन्सर्टच्या फोटोसाठी लेन्स: ५०, ८५ की ७०-२००?

गाण्याच्या कार्यक्रमाचे फोटो काढायला कुठली लेन्स घेऊ असं विचारलं की दहातले आठ जण म्हणतात, ७०-२०० घे, डोळे झाकून (हे आकडे मिलिमीटरचे, आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). माझा उलटा प्रश्न असतो, तुम्ही बसणार कुठे? सगळं त्यावर ठरतं, लेन्स कितीही भारी असली तरी चुकीच्या जागेवरून ती कामाची नाही.

आधी किट लेन्सचा निकाल लावून टाकू. कॅमेऱ्यासोबत येते ती १८-५५, झूम केलं की एफ ५.६ वर जाऊन बसते (एफचा आकडा मोठा म्हणजे लेन्सचं छिद्र लहान, प्रकाश कमी). आता हिशोब बघा, बऱ्यापैकी लायटिंग असलेल्या स्टेजवर एफ २.८, शटर १/२५० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार होतो) ३२०० असं काहीतरी जमतं, तोच फोटो एफ ५.६ वर काढायचा तर आयएसओ १२८०० लागतो आणि एफ १.८ वर १२५० च्या आसपास भागतं. हा फरक क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे ३५ एमएम फिल्मएवढ्या फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या, जुन्या बॉडीवर लगेच दिसतो, काळ्या पडद्यावर रंगीत वाळू सांडल्यासारखी दिसते. मग शटर खाली आणू म्हणाल तर गायक समेवर येताना हात फेकतो, १/६० ला चेहरा शार्प आणि हाताच्या जागी नुसता फराटा, तबल्यावरच्या बोटांचं तर बोलायलाच नको. स्टॅबिलायझेशन आहे की, असंही लोक म्हणतात, पण ते तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, गायकाच्या हाताला ते काय करणार? कथक नाहीतर लावणी असेल तर १/५०० च्या खाली मी जातच नाही.

५० एमएम एफ १.८ सगळ्यात स्वस्त आणि हलकी, कॅननची जेमतेम १६० ग्रॅम. कोणाच्या तरी हॉलमधली घरगुती मैफल, कॅफेतला छोटा गिग, इथे बिनधास्त हीच घ्या. पण क्रॉप बॉडीवर सुद्धा, जिथे तीच लेन्स कमी रुंदी पकडते, दहा मीटरवरून हिच्यात साधारण पावणेपाच मीटर रुंदीचं स्टेज येतं, म्हणजे गायक, तबला, पेटी, मागचे तानपुरे सगळे आले आणि चेहरा कोणाचाच नीट नाही.

८५ एमएम एफ १.८ माझी आवडती, उगाच लपवत नाही. त्याच दहा मीटरवरून क्रॉप बॉडीवर पावणेतीन मीटर येतं, कॅमेरा उभा धरला की मांडी घालून बसलेला एकटा गायक छान मावतो, नाट्यगृहात पुढच्या पाच-सहा रांगांत जागा असेल तर एवढं पुरतं. वजन निकॉनच्या एफ माउंटवालीचं (डीएसएलआरची) ३५० ग्रॅम, कॅननच्या जुन्या ईएफचं (तीही डीएसएलआरची) ४२५, मान दुखत नाही. डोकेदुखी आहे ती फोकसची. फुल फ्रेमवर तीन मीटरवरून एफ १.८ ठेवलं तर शार्प भाग जेमतेम १३ सेंटीमीटर जाडीचा, आणि गायकाच्या तोंडापुढे माइक, ऑटोफोकस हटकून माइकची जाळी पकडतो, मागे डोळे मऊ. यावर उपाय म्हणजे थोडं बाजूला सरकून बसायचं म्हणजे माइक चेहऱ्यावरून हटतो, फोकस पॉइंट एकच ठेवून डोळ्यावर लावायचा आणि जमलं तर एफ २.२ करायचं. रॉक बँड असेल तर मात्र दुसरी अडचण, गाणारा पळत स्टेजच्या कडेला येतो आणि तुमच्या फ्रेममध्ये नुसती हनुवटी.

तिथे ७०-२०० एफ २.८ ची खरी किंमत कळते. पिटमध्ये (स्टेजपुढची फोटोग्राफरची जागा) बऱ्याच ठिकाणी पहिली तीनच गाणी शूट करू देतात, फ्लॅश नाही, तेवढ्यात लेन्स बदलत कोण बसणार. आणि सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मोठ्या मंडपात लांब बसलेल्या माणसाला तर दुसरा पर्यायच नाही, वीस मीटरवरून फुल फ्रेमवर २०० ला साडेतीन मीटर येतं, क्रॉपवर सव्वादोनच्या वर थोडं. पण नवीन घ्यायची तर लाखाच्या वर जाते, कॅननची डीएसएलआरवाली जवळपास दीड किलो (सोनीच्या जीएम मालिकेतली दुसरी आवृत्ती एक किलोच्या थोडी वर, किंमतही तशीच), आणि एवढं धूड घेऊन मधल्या वाटेत उभे राहिलात की मागून "ओ फोटोवाले, खाली बसा की" ठरलेलं. एफ ४ वाली हलकी आणि स्वस्त आहे, पण आयएसओ ६४०० वर जातो, नवीन फुल फ्रेम बॉडी असेल तर चालवून घ्या, क्रॉपवर मी नाही घेणार.

लेन्सइतकंच महत्त्वाचं, आलाप चालू असताना शटरची खटखट करू नका, आजूबाजूचे खाऊ की गिळू बघतात. सायलेंट मोड लावलात तर आधी एक-दोन फोटो मोठे करून बघा, एलईडी लाइटखाली इलेक्ट्रॉनिक शटरला आडवे पट्टे येतात आणि ते नंतर काही केल्या जात नाहीत.

तर क्रॉप बॉडी आणि नेहमी नाट्यगृहातले कार्यक्रम असतील तर ८५ घ्या, अख्ख्या स्टेजचा एखादा फोटो हवा तर किट लेन्स १८ ला एफ ३.५ देते तेवढं बास. ७०-२०० पुण्या-मुंबईत दिवसाच्या भाड्याने मिळते, वर्षातून दोन-तीनदा लागणार असेल तर विकत घेण्यात काही अर्थ नाही. महिन्याला कामं मिळायला लागली की सेकंडहँड बघा, फक्त पैसे देण्याआधी दोन्ही झाकणं काढून एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि दुसरीकडून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत वापरलेल्या लेन्समध्ये हे सर्रास असतं, मग कितीही स्वस्त दिली तरी परत द्या.